रागाचा हुकूम आणि मधला वेळ

‘सहीह बुखारी’ या हदीस संग्रहात प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या हयातीतली एक घटना आहे. प्रेषितांनी एका मोहिमेवर तुकडी पाठवली, मदिनेच्या अन्सारांपैकी एकाला तिचा प्रमुख नेमले आणि त्याचे ऐका, असे सैनिकांना बजावले. वाटेत कशावरून तरी या प्रमुखाचे डोके फिरले. त्याने सैनिकांना विचारले, माझी आज्ञा पाळायची असे तुम्हाला सांगितले आहे की नाही? ते म्हणाले, सांगितले आहे. मग लाकडे गोळा करा. त्यांनी केली. पेटवा. पेटवली. आता या आगीत उतरा.

काही जण खरोखरच उतरायच्या बेतात होते. इतरांनी त्यांना धरून ठेवले. आगीपासून वाचण्यासाठीच तर आपण प्रेषितांकडे आलो, असे ते एकमेकांना म्हणू लागले. या धराधरीत वेळ गेला. तेवढ्यात आग विझली आणि प्रमुखाचा रागही निवला. पुढे ही हकीकत प्रेषितांच्या कानावर गेली. त्यांनी सांगितले की, हे लोक त्या आगीत शिरले असते तर तिच्यातून कधीच बाहेर आले नसते. आज्ञापालन फक्त चांगल्या गोष्टीत असते.

मशिदीतल्या बयानात ही हदीस सांगताना जोर असतो तो या शेवटच्या वाक्यावर, आणि ते योग्यच आहे. मला मात्र मधला भाग नेहमी जास्त विचार करण्यासारखा वाटतो. या माणसांनी तलवार उपसली नाही, प्रमुखाला पदावरून खाली खेचले नाही, भाषणही ठोकले नाही. लाकडे तर त्यांनी मुकाट्याने गोळा केली. ज्या पायरीवरून मागे फिरता येणार नव्हते त्या पायरीवर ते थांबले आणि शेजारच्याचा दंड धरून ठेवला. राग उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्यांनी काढला. साधी माणसे होती ती. हदीसमध्ये त्यांची नावेही नाहीत.

या महिन्यात आपल्या गावातले काही लाख नसले तरी काही हजार लोक रोज याच गोष्टीचा सराव करतात. दुपारचे चार वाजलेले असतात, घसा कोरडा पडलेला असतो, माठ समोर असतो. पाणी हलाल आहे, घर आपले आहे, बघायला कोणी नाही. तरी हात पुढे जात नाही, मगरिबच्या अजानपर्यंत. रोजाचे नियम फक्त पोटाचे नाहीत. कोणी शिवी दिली, भांडण उकरून काढले, तर मी रोजेदार आहे एवढेच सांगून बाजूला व्हावे, अशी प्रेषितांची शिकवण आहे. म्हणजे मनात आले आणि केले, या दोहोंच्या मध्ये थोडा वेळ घालायचा. आमच्या शेजारच्या काकू निर्जळी एकादशी करतात, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

अडचण होते ती सत्ताधाऱ्याची. त्याच्या मनात आले की तोंडातून निघते, आणि तोंडातून निघाले की माणसे धावत सुटतात. मध्ये वेळ घालणारे कोणी उरत नाही. अशा वेळी मध्ये उभ्या राहिलेल्या एका माणसाची गोष्ट आज सांगायची आहे. आपल्याकडे ती फारशी ठाऊक नाही.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला इस्तंबूलच्या तख्तावर सुलतान सलीम पहिला होता. १५१२ ते १५२० अशी त्याची जेमतेम आठ वर्षांची कारकीर्द. एवढ्यात त्याने इराणच्या शाह इस्माईलला हरवले, सीरिया आणि इजिप्त जिंकले. तुर्क त्याला ‘यावूझ’ म्हणतात, म्हणजे कडक, भयंकर. त्याच्या हाताखालचे इतके वजीर जल्लादाच्या हाती गेले की, कुणाचे वाईट चिंतायचे तर ‘तू सलीमचा वजीर होवोस’ असे म्हणायची तिथे रीत पडली. याच काळात साम्राज्याचे शेखुल इस्लाम, म्हणजे सर्वोच्च धर्मशास्त्री, होते अली जमाली एफेंदी. त्यांना १५०३ मध्ये सलीमच्या वडिलांनी, सुलतान बायजीदने नेमले होते. पद मोठे, पण सुलतानाने मनात आणले तर जाणारे.

ताशकोप्रुझादे हे त्या काळाला जवळचे चरित्रकार. १५६१ मध्ये वारलेल्या या विद्वानाने तुर्की धर्मपंडितांची चरित्रे लिहून ठेवली आहेत, त्यात ही हकीकत आहे. खजिन्यातल्या दीडशे नोकरांवर सुलतानाची खप्पा मर्जी झाली आणि त्याने सगळ्यांना ठार करण्याचा हुकूम दिला. अली एफेंदींनी हे ऐकले आणि ते थेट दिवाणखान्यात गेले. मुफ्तीने दरबारात यायचा रिवाज नव्हता. तसेच काही मोठे असल्याशिवाय तो येत नसे. वजीर उठून उभे राहिले, त्यांना मानाच्या जागी बसवले आणि कारण विचारले. ते म्हणाले, सुलतानाला भेटायचे आहे. निरोप आत गेला, परवानगी मिळाली, एकट्याला.

आत गेल्यावर त्यांनी सलीमला सांगितले की, फतवा देणाऱ्यांचे काम सुलतानाची आखिरत, म्हणजे मरणानंतरचा हिशेब, सांभाळण्याचे आहे. तुम्ही ज्या दीडशे माणसांना मारायचा हुकूम दिला आहे त्यांचा जीव घेणे शरियतमध्ये बसत नाही, त्यांना माफ करा. सलीम संतापला. राज्यकारभारात ढवळाढवळ करणे हे तुमचे काम नाही, असे त्याने सुनावले. त्यावर मुफ्तींचे उत्तर असे होते की, मी तुमच्या कारभारात हात घालत नाही, तुमच्या आखिरतीत घालतो आहे, आणि ते माझेच काम आहे. माफ केलेत तर सुटाल, नाही तर मोठी शिक्षा भोगाल. चरित्रकार म्हणतो, सुलतानाच्या रागाची धार इथे मोडली. दीडशेच्या दीडशे माणसांना माफी मिळाली.

दुसरा कोणी असता तर जीव मुठीत धरून इथेच परत फिरला असता. अली एफेंदी मात्र थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलत बसले, आणि उठता उठता म्हणाले की, आखिरतीचे बोलून झाले, आता एक गोष्ट तुमच्या इभ्रतीची. ही माणसे सुलतानाची चाकर आहेत. त्यांनी लोकांच्या दारात हात पसरलेला तुमच्या नावाला शोभेल का? सुलतान म्हणाला, नाही. मग त्यांना कामावर परत घ्या. सुलतानाने तेही मान्य केले, पण कामात कसूर केल्याबद्दल मी त्यांना शिक्षा करणार, एवढे जोडले. त्यावर मुफ्तींनी लगेच मान डोलावली: ते तुमच्या अखत्यारीतले आहे, खुशाल करा.

हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे असे आहे. जीव वाचले, नोकऱ्या वाचल्या, आणि सुलतानाला आपला अधिकार शाबूत आहे असे वाटेल एवढी जागाही राहिली. खजिन्याच्या नोकरांची काही चूकच नव्हती, असा हट्ट त्यांनी धरला नाही. चूक असेलही. चुकीला गर्दन मारणे ही शिक्षा नाही, एवढाच त्यांचा मुद्दा होता आणि तेवढ्यावरच ते राहिले.

मराठी वाचकाला इथे रामशास्त्री प्रभुणे आठवतील. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, रामशास्त्रींनी राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवले आणि पुणे सोडले. तो बाणेदारपणा आपण पाठ्यपुस्तकातून शिकलो. पण रामशास्त्रींसमोरचा गुन्हा घडून गेला होता. अली एफेंदींसमोर दीडशे माणसे अजून जिवंत होती. त्यामुळे पद फेकून निघून जाणे त्यांना परवडणारे नव्हते. धैर्याचे हे दोन प्रकार आहेत आणि दुसऱ्या प्रकाराची गाणी सहसा होत नाहीत.

पुढचा प्रसंग याहून अवघड. इराणशी वैर असल्याने सलीमने रेशमाच्या व्यापारावर बंदी घातली होती. तो एदिर्नेला निघाला असताना मुफ्ती त्याला निरोप द्यायला काही अंतर बरोबर गेले. वाटेत दोरखंडांनी बांधलेली चारशे माणसे दिसली. चौकशी केली तेव्हा कळले की, बंदी मोडून रेशीम विकत घेतले म्हणून यांना मारायचे आहे. अली एफेंदी घोड्यावर असलेल्या सुलतानापाशी गेले आणि हे खून जायज नाहीत असे म्हणाले. सलीमने उलट विचारले की, जगातल्या एक तृतीयांश लोकांची घडी नीट बसवायची तर उरलेल्या दोन तृतीयांशांना मारणे जायज नाही का? हुकूम मोडण्याहून मोठी बेबंदशाही कोणती? मुफ्तींनी तत्त्वाचा वाद वाढवला नाही. यांनी हुकूम मोडलेलाच नाही, असे ते म्हणाले. रेशमाच्या व्यवहारावर तुम्हीच अधिकारी नेमले आहेत. ज्यावर सरकारी अधिकारी बसलेला आहे तो व्यवहार चालू आहे, असेच लोक समजणार.

यावर सुलतानाकडे उत्तर नव्हते. कारभारात पडू नका, हेच जुने वाक्य त्याने पुन्हा ऐकवले. मुफ्ती या वेळी सलाम न करताच वळले आणि निघून गेले. भर रस्त्यात, सगळ्या लवाजम्यासमोर. सलीम घोड्यावर तसाच बराच वेळ उभा राहिला. पुढचे पुढे थांबले, मागचे मागे, काय चालले आहे कुणाला कळेना. मग तो निघाला, आणि मुक्कामावर पोहोचल्यावर चारशेही जणांना सोडून दिले.

घोड्यावरचा तो वेळ मला त्या विझणाऱ्या आगीसारखा वाटतो. मुफ्तींनी सुलतानाला हरवले नव्हते, त्याला विचार करायला लावले होते. आणि त्यासाठी त्यांनी वापरलेली गोष्ट कुराणातल्या आयतीपेक्षा सरकारी दप्तरातली होती. शौर्याच्या गोष्टी सांगताना आपण हे विसरतो की, माणूस गृहपाठ करून गेला होता. रेशमावर कोण अधिकारी बसले आहेत हे त्यांना ठाऊक होते.

याच दोघांची आणखी एक गोष्ट सांगतात. मोल्दाव्हियाचा राजपुत्र आणि इतिहासकार दिमित्री कांतेमिर (१६७३–१७२३) याने ती नोंदवली आहे; इतिहासकारांना तिच्या तपशिलाबद्दल शंका आहेत, म्हणून आख्यायिका म्हणूनच ऐकावी. सलीमने मुफ्तींना मोघम प्रश्न विचारला की, सारे जग जिंकणे थोर की इतर धर्माच्या लोकांना आपल्या धर्मात आणणे थोर? मुफ्ती म्हणाले, धर्मात आणणे. लगोलग सुलतानाने हुकूम काढला: चर्चच्या मशिदी करा, ख्रिस्ती प्रजेला मुसलमान करा. आपल्या उत्तराचा काय उपयोग झाला हे पाहून मुफ्ती हादरले. त्यांनी वजिराच्या मदतीने ग्रीक धर्मगुरूंपर्यंत गुपचूप निरोप पोहोचवला की, दरबारात येऊन दाद मागा, १४५३ मध्ये शहर जिंकताना सुलतान मेहमदने अभय दिले होते हे सांगा आणि साक्षीदार आणा. त्या लढाईत तरुणपणी लढलेले अतिवृद्ध मुसलमान सैनिक शोधून काढण्यात आले. त्यांनी शपथेवर साक्ष दिली. हुकूम मागे पडला.

आख्यायिका का होईना, तिच्यात एक खरे निरीक्षण आहे. सत्ताधारी विद्वानाला मोघम प्रश्न विचारतो, विद्वान पुस्तकी उत्तर देतो, आणि त्या उत्तराची कुऱ्हाड कुणाच्या पायावर पडणार हे विचारायचे राहून जाते. दूरचित्रवाणीवरच्या चर्चेत बसणाऱ्या मौलवींनी, महाराजांनी आणि निवृत्त अधिकाऱ्यांनी हे लक्षात ठेवले तर बरे होईल.

एकाच्या गुन्ह्यासाठी अनेकांना शिक्षा, हे घाईच्या हुकुमाचे सर्वांत जुने रूप. बैरूतला इमाम औजाई नावाचे फार मोठे विद्वान होऊन गेले. ७७४ मध्ये ते वारले. त्यांच्या काळात, ७५९ च्या सुमारास, लेबनॉनच्या डोंगरातल्या काही ख्रिस्ती लोकांनी करवसुलीवरून बंड केले. अब्बासी सुभेदार सालेह इब्न अली याने बंड मोडले, आणि त्यात नसलेल्या गावकऱ्यांनाही घराबाहेर काढले. औजाईंनी त्याला कडक पत्र लिहिले. नवव्या शतकातला इतिहासकार बलाजुरी याने ते जपून ठेवले आहे. पत्राचा आशय असा की, काहींच्या अपराधासाठी सर्वांना घरादारातून आणि मालमत्तेतून कसे हुसकता, जेव्हा एकाचे ओझे दुसऱ्यावर टाकू नये हा अल्लाहचाच नियम आहे? लिहिणारा मुसलमान, ज्याला लिहिले तो मुसलमान, आणि ज्यांच्यासाठी लिहिले ते दुसऱ्या धर्माचे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी घरे पाडण्याच्या प्रकरणात दिलेला निकाल वाचताना मला हे पत्र आठवले. अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांनी सांगितले की, कोणी आरोपी आहे, अगदी दोषी ठरला आहे, एवढ्यावरून त्याचे घर पाडता येणार नाही. एकाच्या गुन्ह्याची शिक्षा त्या छपराखाली राहणाऱ्या साऱ्या कुटुंबाला देता येणार नाही. नोटीस दिल्यापासून किमान १५ दिवस थांबावे लागेल, आणि नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याला भरपाई स्वतःच्या खिशातून द्यावी लागेल. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी-तलाव यांवरची अतिक्रमणे त्यातून वगळली आहेत, तेही रास्तच. पण निकालाचा गाभा पाहा: पंधरा दिवस. न्यायालयाने आग आणि माणूस यांच्या मध्ये वेळ घातला.

यावर कोणी म्हणेल, सरकारी दिरंगाईने आधीच जीव नकोसा केला आहे, त्यात तुम्ही थांबायचे कौतुक काय सांगता? म्हणणे खरे आहे. धरणातून पाणी सोडले आहे, नदीकाठची घरे रिकामी करा, हा हुकूम आल्यावर चर्चा करणारा शहाणा नव्हे. फरक ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. उद्या चूक कळली तर दुरुस्त करता येईल का, एवढे विचारून पाहावे. त्या सैनिकांनी लाकडे गोळा केली होती, हे मी म्हणूनच आधी सांगितले.

आणि आपण सगळे काही शेखुल इस्लाम नाही. नगरपालिकेतल्या लिपिकाने काय करायचे? त्याच्याकडेही एक वाक्य असते: ‘साहेब, लेखी द्या.’ तोंडी आदेशावर किती अनर्थ घडतात आणि लेखी मागितल्यावर त्यातले किती जागच्या जागी विरतात, हे कचेरीत नोकरी केलेल्या कुणालाही विचारा. ‘नियम तपासून सादर’ असा शेरा मारायलाही छाती लागते. बदली होते, गोपनीय अहवाल बिघडतो. त्या माणसाची हकीकत कोणी चरित्रकार लिहीत नाही.

हुकूम देणारे नेहमी मंत्रालयातच बसलेले असतात असेही नाही. मोबाइलवर एक चित्रफीत येते, कुठली, कधीची, कुणाला पत्ता नसतो, आणि खाली लिहिलेले असते की, उद्यापासून अमक्यांच्या दुकानात जाऊ नका. हाही हुकूमच, आणि देणारा कोण तेही माहीत नाही. कुराणाच्या ४९ व्या सूरहमध्ये स्पष्ट ताकीद आहे की, बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर आधी छाननी करा, नाही तर अजाणता कुणाचे नुकसान करून बसाल आणि पस्तावाल. ही आयत आम्ही मुसलमान तोंडपाठ म्हणतो, आणि तरी आमच्याकडचे गटही असल्या संदेशांनी भरलेले असतात.

आमच्या घरातले आणखी एक बोलतो. एखाद्या कुटुंबाने जमातीच्या पुढाऱ्यांशी वाद घातला, मुलीने मनाविरुद्ध लग्न केले, की त्यांच्याकडे जायचे नाही, त्यांच्या मयतीला खांदा द्यायचा नाही, असे एका बैठकीत ठरते. जातपंचायतींमध्येही हेच चालते. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो काही उगाच नाही. अशा बैठकीत तीस-चाळीस माणसे असतात. त्यातल्या निम्म्यांना ते पटलेले नसते. ते घरी येऊन बायकोला सांगतात की, झाले ते बरे नाही झाले. बैठकीतच एकाने उठून ‘आज नको, पुढच्या जुम्याला ठरवू’ एवढे म्हटले असते तर? आठ दिवसांत पुष्कळ लाकडे विझतात. यंदाच्या रमजानमध्ये कुणाच्या दारात असा बहिष्कार असेल तर इफ्तारचे एक ताट तिकडे जायला हरकत नाही. त्याला कुणाच्या फतव्याची गरज पडू नये.

अली एफेंदींची गोष्ट थोडी राहिली आहे. रेशीमवाल्यांना सोडल्यावर सलीमने एदिर्नेहून त्यांना फर्मान पाठवले. तुम्ही खरे बोलता हे मी पारखले आहे, म्हणून रुमेली आणि अनातोलिया या दोन्ही प्रांतांचे मुख्य न्यायाधीशपद एकत्र करून तुम्हाला देतो, असा त्याचा आशय होता. मुफ्तींनी कळवले की, ‘मी निवाडा केला’ हे शब्द कधी तोंडातून काढणार नाही असा माझा अल्लाहशी करार आहे. सुलतानाची मर्जी याने आणखी वाढली. त्याने पाचशे सोन्याची नाणी पाठवली.

१५२० मध्ये सलीम वारला. अली एफेंदी पुढे त्याच्या मुलाच्या, सुलेमानच्या, काळातही त्याच पदावर राहिले आणि १५२६ मध्ये त्यांचे निधन झाले. तुर्कस्तानात त्यांना ‘झेंबिल्ली’ म्हणजे टोपलीवाले म्हणून ओळखतात. उर्दू दास्तान ऐकलेल्यांना उमर अय्यारची जंबील आठवेल, तोच शब्द. ते घराच्या वरच्या मजल्यावर बसत आणि खिडकीतून दोरीला बांधलेली एक टोपली खाली सोडून ठेवत. ज्याला काही विचारायचे असेल त्याने चिठ्ठी तिच्यात टाकायची आणि दोरी हलवायची. ते टोपली वर ओढत, चिठ्ठी वाचून त्यावर उत्तर लिहीत आणि पुन्हा खाली सोडत. दारात आलेल्या माणसाला ताटकळावे लागू नये म्हणून.